आईच्या दुधातले जीवाणू आणि नमुना घेण्याची पद्धत

अंगावरच्या दुधात जीवाणू सापडले की पूर्वी अर्थ ठरलेला असे: नमुना घेताना बाहेरून काहीतरी मिसळले. 2003 मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी दुधासोबत स्तनावरच्या त्वचेचे स्वॅबही तपासले आणि दुधातले लॅक्टोबॅसिलस गटातले जीवाणू त्वचेवरून आलेले नसावेत, असे मांडले. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियात अल्ट्रासाउंडवर दिसले, की पान्हा ओसरताना नलिकांतले दूध मागे वळते. म्हणजे बाळाच्या तोंडातले जीवाणूही आत पोचू शकतात. मग ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ वेगळे करायचे कसे?

काटेकोर पद्धतीत हात धुऊन हातमोजे घालतात, स्तनाग्र क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने पुसतात, पहिले काही थेंब टाकून देतात आणि मगच निर्जंतुक नळीत दूध धरतात. पण बाळ पिते ते न पुसलेल्या स्तनाचे, पहिल्या थेंबासकट. त्यामुळे बाळाच्या पोटात काय जाते हा प्रश्न असेल, तर ही स्वच्छता उत्तरच बदलते. स्तनाच्या आत, दूधग्रंथीत काय आहे हे पाहायचे असेल, तर तिच्याशिवाय भागत नाही.

पंपाचा मुद्दा उशिरा ऐरणीवर आला. मुलांचा जन्माआधीपासून मागोवा घेणाऱ्या, कॅनडातल्या ‘चाइल्ड’ नावाच्या अभ्यासाने 2019 मध्ये 393 मातांच्या दुधावरून दाखवले, की थेट पाजणाऱ्या आणि पंप वापरणाऱ्या मातांच्या दुधातले जीवाणू वेगळे असतात. मात्र हा फरक पंपावरच्या जंतूंमुळे, की बाळाचे तोंड कमी लागल्यामुळे, हे त्यातून ठरत नव्हते. 2021 मध्ये अमेरिकेत त्याच मातांनी घरीच, एकदा स्वतःच्या आणि एकदा निर्जंतुक पंपाने दूध काढले. स्वतःच्या पंपाच्या दुधात अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्टेनोट्रोफोमोनास यांसारखे ओलाव्यात टिकणारे जीवाणू जास्त निघाले. पंपाचे भाग धुऊनही ओले राहिले, की असे जीवाणू तिथे टिकतात. त्यामुळे असे जीवाणू दुधात दिसले, तर आधी पंपाची चौकशी करावी.

दूध काढल्यानंतरही घोटाळे होतात. नमुना बर्फावर नसला, तर जीवाणू वाढत राहतात आणि मूळ प्रमाण बिघडते. सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) दूध फिरवल्यावर वरची साय फेकली, तर तिच्यात अडकलेले जीवाणूही जातात. जीवाणू त्यांच्या डीएनएवरून ओळखायचे, तर दुधात जीवाणूंचा डीएनए मुळातच थोडा आणि आईच्या पेशींचा भरपूर असतो, त्यामुळे डीएनए काढण्याच्या किटमधला दूषित डीएनए निकालात सहज घुसतो. 2014 मध्ये हा धोका ठळकपणे पुढे आला. म्हणून दूध न घालता सर्व टप्प्यांतून नेलेली कोरी नळी नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीत हवीच; तिच्यात जे निघते ते दुधातले नसते. ती नसेल, तर दुर्मीळ जीवाणूंच्या दाव्यावर आम्ही भरवसा ठेवत नाही.