फ्लाय फिशिंग, वसंतातील
फ्लाय फिशिंग, वसंतातील : कीटकाची नक्कल असलेल्या गळाने नदीतला ट्राउट मासा पकडण्याची, मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशांतील पद्धत. पिसे, लोकर, प्राण्यांचे केस आणि धागा गळावर गुंडाळून हा कृत्रिम कीटक, म्हणजे ‘फ्लाय’, तयार करतात. तिला वजन जवळजवळ नसते, त्यामुळे ती नुसती भिरकावता येत नाही. वजन असते ते दोरीला. लवचीक काठीने दोरी मागेपुढे झुलवून फेकली, की तिच्या टोकाशी बांधलेली फ्लाय अलगद पाण्यावर उतरते.

प्राचीनत्व : या पद्धतीचा सर्वांत जुना उल्लेख कोणता, याविषयी एकमत नाही. रोमन कवी मार्शल (पहिले शतक) याच्या एका ओळीत ‘स्कारस’ मासा माशी गिळून फसतो, असे म्हटल्याचे काही अभ्यासक मानतात. मात्र तेथील मूळ शब्द ‘मुस्का’ (माशी) की ‘मुस्को’ (शेवाळ), हा एका अक्षराचा वाद आहे. स्कारस हा शैवाल खाणारा समुद्रमासा असल्याने दुसरा पाठ सहज बसतो. शिवाय माशी हाच पाठ धरला, तरी ती कृत्रिम होती असे त्यातून निघत नाही. त्यामुळे रोमन लेखक ईलियन याच्या, साधारणपणे इ. स. २०० च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या, वृत्तांताला अधिक वजन द्यावे लागते. मॅसिडोनियातील बेरिया आणि थेसलोनिकी यांच्या दरम्यान वाहणाऱ्या अ‍ॅस्ट्रिअस नदीत ठिपकेदार अंगाचे मासे ‘हिप्पुरस’ नावाचा कीटक खातात. तो हाताळला की त्याचा रंग उडतो व पंख कोमेजतात, म्हणून कोळी गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या लाल कातडीखालची दोन पिसे बांधतात, असे ईलियन सांगतो. काठी सहा फूट, दोरीही तेवढीच. ईलियनची माहिती ऐकीव आहे आणि हिप्पुरस म्हणजे नेमका कोणता कीटक, हे ठरलेले नाही. तरीही जिवंत कीटक का चालत नाही, याचे कारण देण्याइतका हा तपशील बारीक आहे आणि तो प्रत्यक्ष पाहणाऱ्याकडूनच आला असावा.

इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळमासेमारीवरील प्रबंधात बारा फ्लाय दिल्या आहेत. त्याचे लेखकत्व परंपरेने ज्युलिआना बर्नर्स या महिलेकडे जाते, पण त्याला भक्कम आधार नाही. प्रस्तुत विषयासाठी महत्त्वाचे हे, की या बारा फ्लाय महिन्यांच्या क्रमाने आहेत : मार्चच्या दोन, एप्रिलची स्टोनफ्लाय, आणि असे ऑगस्टपर्यंत. म्हणजे कीटकांचे पंचांग पाहून फ्लाय निवडण्याची कल्पना तेव्हाच रुळलेली होती.

वसंताचे वैशिष्ट्य : ब्राउन ट्राउट शरद ऋतूच्या अखेरीस व हिवाळ्यात अंडी घालतो, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला तो रोडावलेला आणि भुकेला असतो. मात्र पाणी अजून थंड असल्याने त्याच्या हालचाली मंद असतात व तो तळाशी, संथ प्रवाहात राहतो. कीटक पृष्ठावर येतात ते दिवसाच्या सर्वांत उबदार वेळी, बहुधा दुपारी. म्हणून उन्हाळ्यातील पहाट-संध्याकाळची सवय येथे उपयोगी पडत नाही. बर्फ वितळून नदी गढूळ झाल्यास पृष्ठावरची मासेमारी थांबतेच.

युरोपातील नद्यांवर मार्च-एप्रिलमध्ये गडद ऑलिव्ह व मार्च ब्राउन, एप्रिलमध्ये ग्रॅनम आणि मेच्या उत्तरार्धात मोठी मेफ्लाय असा कीटकांचा साधारण क्रम लागतो. यांपैकी ग्रॅनम हा कॅडिस या पतंगासारख्या कीटकांच्या गटातला. बाकीचे मेफ्लाय गणातले. या गणाची एक खोड विलक्षण आहे : पंख फुटून उडू लागल्यावरही ते आणखी एकदा कात टाकतात. दुसऱ्या कोणत्याही कीटकगणात असे होत नाही. आधीचे धुरकट पंखांचे रूप ‘डन’, नंतरचे चकचकीत रूप ‘स्पिनर’. मासा कधी एकच रूप खातो, म्हणून दोन्हींच्या वेगळ्या फ्लाय बांधाव्या लागतात. पाण्याखालच्या पिलासाठी तिसरी फ्लाय, ‘निम्फ’. हंगामाच्या प्रारंभी तीच अधिक फलदायी ठरते.

तंत्र : फ्लाय प्रवाहाच्याच वेगाने वाहिली पाहिजे. दोरीने तिला किंचित ओढले, तरी पाण्यावर रेघ उमटते आणि सावध मासा दूर होतो. त्यामुळे बहुधा माशाच्या मागच्या बाजूस, खालच्या अंगाला उभे राहून प्रवाहाविरुद्ध फेक करतात. पकडलेला मासा परत सोडायचा असेल, तर उलटा काटा नसलेला गळ वापरतात.