स्थिर संकेतस्थळाचे संवादी वेब ॲप्लिकेशनमध्ये रूपांतर

आधीच लिहून सर्व्हरवर ठेवलेल्या एचटीएमएल (वेबपाने लिहिण्याची भाषा) फायलींच्या संचाला स्थिर संकेतस्थळ म्हणतात. पान कोणीही मागितले तरी तीच फाइल जशीच्या तशी मिळते. संवादी वेब ॲप्लिकेशनमध्ये पान वापरकर्त्याच्या कृतीनुसार घडते. तो शोधतो, निवडतो, अर्ज भरतो, आणि त्याने केलेले काम पुढच्या भेटीपर्यंत टिकते. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करण्याकडे अनेकदा नव्या रंगरूपाचे काम म्हणून पाहिले जाते. खरा बदल मात्र माहिती साठवण्याच्या पद्धतीत होतो, आणि कोणी काय केले हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी संकेतस्थळावर येते.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत घडवलेले वेब १९९१ मध्ये बाहेरच्या जगाला खुले झाले, तेव्हा त्याचा भर दस्तऐवज दुव्यांनी जोडण्यावर होता. त्यामागची एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीची प्रणाली, विसराळू आहे: आधीच्या विनंतीची आठवण तिला नसते. ही उणीव टप्प्याटप्प्याने भरली गेली. १९९३ मध्ये आलेल्या सीजीआय या जोडणी-पद्धतीमुळे सर्व्हरवरचा प्रोग्राम मागणीनुसार पान तयार करू लागला, १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकी, म्हणजे वापरकर्त्याला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, आणली आणि १९९५ मध्ये त्याच कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंग भाषा लिहिली. पूर्ण पान पुन्हा न मागवता सर्व्हरकडून माहिती आणण्याची सोय मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये दिली होती. पण तिचे मोल सर्वसामान्यांना जाणवले ते जीमेल (२००४) आणि गूगल मॅप्स (२००५) वापरताना. जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये या तंत्राला ‘एजॅक्स’ हे नाव दिले.

रूपांतराची सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजांपासून व्हावी लागते. या वापरकर्ता-केंद्री रचनेचा विचार वेबपेक्षा जुना आहे. डोनाल्ड नॉर्मन यांनी तो १९८० च्या दशकात मांडला आणि आज आयएसओ ९२४१-२१० हे मानक त्याची प्रक्रिया सांगते. जुन्या संकेतस्थळांचा मेनू बहुधा संस्थेच्या अंतर्गत विभागांप्रमाणे आखलेला असतो. येणाऱ्या माणसाला त्या विभागांशी काही देणेघेणे नसते. त्याला एखादे काम उरकायचे असते. ती कामे कोणती, हे सर्व्हरच्या नोंदी, शोधपेटीत टाइप झालेले शब्द आणि दूरध्वनीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न यांतून कळते. थोड्याच लोकांना प्रत्यक्ष वापरताना शांतपणे पाहिले, तरी बैठकीत तासन्‌तास चाललेले वाद मिटतात.

सर्वांत किचकट आणि अंदाजपत्रकात हमखास विसरला जाणारा टप्पा मजकुराचा असतो. एकच माहिती पाच पानांवर पाच प्रकारे लिहिलेली सापडते, आणि त्यांतली कोणती खरी हे ठरवणे तंत्रज्ञाच्या हातात नसते. एखाद्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. स्थिर पानावर पुस्तकांची यादी हा निव्वळ मजकूर असतो. आरक्षणाची सोय द्यायची तर प्रत्येक पुस्तकाची डेटाबेसमध्ये नोंद हवी. शिवाय पुस्तक आणि त्याची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्या लागतात, कारण वाचक शोधतो पुस्तक आणि घरी नेतो प्रत. मग नवे प्रश्न उभे राहतात. शेवटची प्रत दोघांनी एकाच क्षणी मागितली तर ती कोणाची? वाचकाने ‘आरक्षित करा’ हे बटण दोनदा दाबले तर आरक्षणे किती? अर्ज भरताना मध्येच जोडणी तुटली तर लिहिलेले कुठे जाते? स्थिर पानाला यांपैकी एकाही प्रश्नाला सामोरे जावे लागत नाही.

तंत्राची निवड यानंतरची. जँगो किंवा लारावेल यांसारख्या चौकटी (ॲप्लिकेशन बांधण्यासाठीचे तयार सांगाडे) पान सर्व्हरवर घडवतात. रिॲक्ट (२०१३) व व्ह्यू (२०१४) या जावास्क्रिप्ट साधनांच्या आधारे बरेचसे काम ब्राउझरवर सोपवता येते. संपूर्ण संकेतस्थळ एकपानी ॲप्लिकेशन करण्याचा, म्हणजे एकदाच उघडलेल्या पानातच जावास्क्रिप्टने सारे बदल दाखवण्याचा, मोह अनेकदा महागात पडतो. मागे जाण्याचे बटण, नेमक्या पानाचा दुवा, परतल्यावर पूर्वीच्याच जागी येणे या गोष्टी साध्या पानात ब्राउझर आपणहून सांभाळतो; एकपानी रचनेत त्यांची सोय प्रोग्राममध्ये लिहून करावी लागते. दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला पान बदलल्याची सूचना देणेही त्यातच आले. म्हणून वाचनाची पाने स्थिरच ठेवून शोध, आरक्षण, खाते एवढाच भाग संवादी करणे बहुतेक ठिकाणी शहाणपणाचे ठरते. स्टीव्ह शँपियन यांनी २००३ मध्ये मांडलेले क्रमवर्धित सुधारणेचे तत्त्व याच वाटेने जाते: गाभा साध्या एचटीएमएलमध्ये चालावा, बाकीचे त्यावर चढवावे.

जुने सारे एका रात्रीत काढून नवे बसवण्यापेक्षा एकेक विभाग हलवणे सुरक्षित असते. यात जुने पत्ते जपणे आवश्यक आहे. हलवलेल्या प्रत्येक पानासाठी ३०१ हा कायमस्वरूपी पुनर्निर्देशनाचा संकेत दिला नाही, तर इतरांनी वर्षानुवर्षे दिलेले दुवे तुटतात आणि शोधयंत्रांतले स्थानही ढासळते.

नव्या रचनेचा वेग मोजावा लागतो, कारण जावास्क्रिप्टच्या ओझ्याने ती जुन्यापेक्षा मंद होण्याची शक्यता असते. गूगलच्या निकषांनुसार पानावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा आणि कृतीला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा. अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठी डब्ल्यूसीएजी हे मापदंड आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली.

सुरक्षेचा भारही वाढतो. खाती आली की पासवर्ड हॅश करून (मूळ शब्द परत मिळवता येणार नाही अशा रूपात) ठेवणे, एसक्यूएल इंजेक्शन (अर्जातून डेटाबेसला घुसवलेल्या आज्ञा) व क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग (पानात घुसवलेला परका प्रोग्राम) रोखणे, एकाची नोंद दुसऱ्याला दिसू न देणे हे सारे आले. स्थिर फायली वर्षानुवर्षे हात न लावता चालू शकतात; ॲप्लिकेशनची डेटाबेस प्रणाली, चौकट आणि ती ज्यांवर अवलंबून असते ती इतर तयार सॉफ्टवेअर पॅकेजेस यांना मात्र सतत सुरक्षा-अद्यतने लागतात, आणि तो खर्च ॲप्लिकेशन चालू असेपर्यंत सुरू राहतो.