धातूंच्या चौकटींतून आयनवाहिन्या : पार्श्वभूमी
सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पाण्यात सुखाने वावरतात, पण पेशीपटलाचा मेदाचा द्विस्तर त्यांना अडवतो. त्याचा तेलकट गाभा जेमतेम ३ नॅनोमीटर जाडीचा असला, तरी भोवतीचे पाणी सोडून त्यात शिरायला लागणारी ऊर्जा फार मोठी असते. म्हणूनच आयनांना पटलापार जाऊ देणाऱ्या प्रथिनांच्या वाहिन्या पेशीला लागतात.

अशी वाहिनी प्रयोगशाळेत घडवण्याआधी ती ओळखता येणे आवश्यक होते. म्यूलर, रूडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये छिद्रावर ताणलेला कृत्रिम द्विस्तर तयार केला. १९७० मध्ये तशाच पटलात ग्रॅमिसिडिन हे वाहिनी बनवणारे प्रतिजैविक मिसळल्यावर ह्लाडकी व हेडन यांना विद्युतप्रवाह पायऱ्यापायऱ्यांनी चढता-उतरताना दिसला. एकेक पायरी म्हणजे एका वाहिनीचे उघडणे वा मिटणे. १ पिकोअँपिअर प्रवाह म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख एकभारी आयन, आणि एकट्या रेणूची ही कामगिरी मोजता येते, याचे नवल आजही ओसरत नाही.

१९८२ मध्ये जपानच्या इवाओ ताबुशी यांनी सायक्लोडेक्स्ट्रिन या शर्करेच्या कड्यासारख्या रेणूला लांब शेपट्या जोडून पहिली संश्लेषित वाहिनी सादर केली. पुढे क्राउन ईथर या आयन धरून ठेवणाऱ्या कड्यांवर आधारलेले रेणू आले, पण त्यांचे संश्लेषण लांबलचक आणि कष्टाचे होते.

येथे धातू उपयोगी पडले. पॅलेडियम आपले चार बंध चौरसाच्या कोपऱ्यांकडे रोखतो. त्यांतील शेजारचे दोन एथिलीनडायअमाइन या छोट्या रेणूने व्यापले, की उरलेले दोन काटकोनात राहतात, आणि दोन्ही टोकांनी धातूला जोडले जाणारे, सरळ काठीसारखे बायपिरिडीन मिसळताच चौकट आपोआप जुळते, हे माकोतो फुजिता यांनी १९९० मध्ये दाखवले. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात फाइल्स व टाँग यांनी याच घटकांना मेदस्नेही शेपट्या लावल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वाहिन्या दीर्घकाळ उघड्या राहणाऱ्या आणि भरपूर प्रवाह वाहून नेणाऱ्या होत्या. माझ्या मते या टप्प्याचे खरे महत्त्व त्याने उभ्या केलेल्या प्रश्नात आहे : एकटी चौकट पटलाची जाडी व्यापू शकत नाही, मग पटलाच्या आत नेमकी कोणती रचना आयन वाहते?

पुढच्या वर्षी किमून किम यांच्या गटाने तांब्याच्या २४ आयनांचा पोकळ बहुफलक वाहिनी म्हणून वापरला. त्यातून प्रोटॉन आणि अल्कली धातूंचे आयन जात. २०१७ मध्ये केंब्रिजच्या जोनाथन निट्श्के यांच्या गटाने जस्ताच्या १० आयनांभोवती जुळलेली पंचकोनी नळी पटलात बसवली. तिच्यातून क्लोराइड वाहत असे आणि डोडेसिल सल्फेट हा लांब शेपटीचा, पोकळीत अडकणारा आयन घातल्यावर ती बंद होई. आयन त्या पोकळीतूनच जातात, याला त्यामुळे आधार मिळाला.