पाण्यावरचं पांघरूण

गावात रेझिस्टिव्हिटी मीटर, म्हणजे जमीन विजेला किती अडवते (तिचा विद्युतरोध) हे मोजणारं यंत्र, घेऊन कोणी आलं की भोवती जमलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: पाणी किती फुटांवर लागेल? शोषखड्डा कुठे खणू नये, कचरा कुठे टाकला तर विहीर नासेल, हे विचारायला त्या यंत्राला क्वचितच बोलावलं जातं. खरं तर सळया त्याच, वायर तीच, आणि या दुसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तरही त्याच आकड्यांत असतं.

एका रेषेत चार सळया जमिनीत ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळयांमधला व्होल्टेजचा फरक मोजायचा. बाहेरच्या सळया जसजशा लांब न्याव्यात तसतसा प्रवाह खोल उतरतो. त्यावरून खालच्या थरांची जाडी आणि प्रत्येक थराचा विद्युतरोध यांचा अंदाज बांधता येतो. फ्रान्सच्या कॉनराड श्लुम्बर्जे यांनी १९१२ मध्ये नॉर्मंडीत जमिनीत वीज सोडून असे प्रयोग केले, ते खनिजांच्या शोधासाठी. पाण्याच्या शोधात ही पद्धत पुढे जगभर रुळली.

आता पांघरुणाचा, म्हणजे भूजलाला वरच्या घाणीपासून जपणाऱ्या थरांचा हिशेब. वरून मुरणारी घाण अडवण्याचं काम सर्वांत चांगलं करते ती चिकणमाती. तिचे कण इतके बारीक असतात की पाणी त्यांतून रेंगाळत खाली जातं. त्या काळात बरेचसे जंतू मरतात, काही रसायनं कणांना चिकटून राहतात. हेच कण भारित आयनही धरून ठेवतात, म्हणून ओल्या चिकणमातीतून वीज सहज वाहते. थोडक्यात, थर जितका जाड आणि त्याचा रोध जितका कमी, तितकं संरक्षण जास्त. म्हणून थराची जाडी भागिले त्याचा रोध, असा साधा भागाकार करतात आणि भूजलाच्या वरच्या सगळ्या थरांची बेरीज घेतात. नदीकाठी ६ मीटर काळी माती असेल आणि तिचा रोध ८ ओहम-मीटर (हे रोधाचं एकक), तर उत्तर येतं ०.७५. माळावर २ मीटर मुरुम आणि रोध ४० असेल तर ०.०५. सर्वसाधारणपणे ०.७ च्या वर संरक्षण चांगलं मानतात, ०.१ च्या खाली अगदीच तोकडं. एकाच गावच्या शिवारात हे दोन्ही आकडे सापडू शकतात, आणि म्हणूनच असं सर्वेक्षण जागोजागी करावं लागतं.

पण हा भागाकार आपल्या दख्खनच्या खडकावर डोळे मिटून लावू नये, असं माझं ठाम मत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर बसून आपलं पठार बनलं. त्यातला २० मीटर जाडीचा अखंड काळा पाषाण घ्या, रोध ४०० ओहम-मीटर. उत्तर पुन्हा ०.०५, म्हणजे त्या दोन मीटर मुरुमाइतकंच! मुरुमातून पाणी भराभर खाली जातं, अखंड पाषाणातून जवळजवळ जातच नाही. मात्र त्याच पाषाणाला भेगा असल्या तर घाण कुठेही गाळली न जाता थेट खाली पोहोचते. दोन लाव्ह्यांच्या मधला तांबड्या मातीचा थर पाणी अडवू शकतो, पण तो पातळ आणि खोल असला तर यंत्राच्या वाचनात हरवून जातो. म्हणून आकड्याच्या जोडीला आसपासच्या विहिरींच्या कडा पाहाव्या लागतात. तिथे खडक उघडाच दिसतो.

अकोला, अमरावती, बुलढाणा भागातल्या खारपाणपट्ट्यात अडचण वेगळी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या जाड गाळात पाणीच मुळात खारट, आणि खाऱ्या पाण्यातूनही वीज सहज वाहते. कमी रोध दिसला म्हणून चिकणमातीचं संरक्षण आहे असं धरलं तर चूक होईल. तिथे विहिरीतल्या पाण्याचा नमुना तपासल्याशिवाय वाचनाचा अर्थ लावता येत नाही. हाच गुण मात्र दुसरीकडे उपयोगी पडतो. कचऱ्याच्या ढिगातून झिरपणाऱ्या पाण्यात क्षार भरपूर असतात, त्यामुळे ते कुठल्या दिशेने पसरतंय हे कमी रोधाच्या पट्ट्यावरून माग काढता येतं.

चिकणमातीलाही सगळं जमत नाही. मैल्यातून आणि खतांतून येणारं नायट्रेट तिला चिकटत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. शिवाय काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. मोजणी ओल्या दिवसांत झाली तर या भेगा आकड्यात येत नाहीत, आणि पहिला पाऊस नेमका त्यांतूनच उतरतो.

शोषखड्ड्याचं तर उलटंच होतं. काळ्या मातीत सांडपाणी जिरत नाही, म्हणून मुरुम लागेपर्यंत खड्डा खाली नेतात. जिथे काळी माती जेमतेम २ मीटर आहे, तिथे रोध तोच ८ धरला तर तिचं संरक्षण ०.२५, म्हणजे मध्यम. खड्डा खणला की त्या जागी तेवढंही उरत नाही, आणि बऱ्याचदा तो खड्डा घरामागे, बोअरच्या शेजारीच असतो.