मनोगतिक दृष्टिकोन

मनोगतिक दृष्टिकोन : माणूस जसा वागतो त्यामागे त्याला स्वतःलाही न उमगलेल्या इच्छा, भीती आणि त्यांच्यातील झगडे असतात, असे मानणारी मानसशास्त्रातील विचारप्रणाली. तिचा पाया व्हिएन्नाचे मज्जाविकारतज्ज्ञ सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी मनोविश्लेषण या आपल्या उपचारपद्धतीतून घातला.

फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये मनाचे तीन घटक मांडले. इदम् म्हणजे तत्काळ तृप्ती मागणाऱ्या प्रेरणा, पराहम् म्हणजे आईवडिलांकडून आत रुजलेले विधिनिषेध, आणि या दोघांना व बाहेरच्या वास्तवाला सांभाळून घेणारा तो अहम्. कोकणातल्या सामायिक घराच्या वाटणीत हे स्पष्ट दिसते. धाकट्याला हिस्सा हवा असतो, पण थोरल्यासमोर तोंड उघडणे त्याला पाप वाटते. वाटणीची बैठक ठरली की नेमके त्याच दिवशी त्याचे डोके असह्य दुखू लागते. हे सोंग नव्हे, दुखणे खरेच असते. मागणी करावी लागत नाही आणि ती सोडूनही द्यावी लागत नाही. लक्षण म्हणजे आतल्या झगड्यात निघालेली अशी तडजोड. गोळीने डोके दुखायचे थांबले तरी पुढच्या बैठकीला ते पुन्हा का दुखते, याचे उत्तर इथे सापडते.

अस्वस्थता टाळण्यासाठी अहम् नकळत ज्या युक्त्या वापरतो त्यांना संरक्षण यंत्रणा म्हणतात. अ‍ॅना फ्रॉइड या सिग्मंड यांच्या कन्येने १९३६ मध्ये त्यांची पद्धतशीर मांडणी केली. नकोसा विचार जाणिवेबाहेर लोटणे हे दमन. मासळी न मिळाल्याचा राग समुद्रावर काढता येत नाही, म्हणून घरी आल्यावर तो मुलावर निघतो, हे विस्थापन. स्वतःच्या मनातले वैर दुसऱ्याच्या मनात दिसणे हे प्रक्षेपण. ‘भाऊबंदांनी करणी केली’ या संशयात ते असू शकते, पण नेहमीच असते असे नाही. कधी भाऊबंदाने खरोखरच बांध सरकवलेला असतो, तर कधी तो संशय गंभीर मनोविकारातला भ्रम असतो. आधी वस्तुस्थिती तपासावी, मगच अर्थ लावावा. या क्रमाची उलटापालट ही नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक.

आल्फ्रेड अ‍ॅडलर १९११ मध्ये आणि कार्ल युंग १९१३ च्या सुमारास हे सहकारी फ्रॉइड यांच्यापासून वेगळे झाले. पुढे मेलनी क्लाइन, डॉनल्ड विनिकॉट या मनोविश्लेषकांनी कामप्रेरणेपेक्षा लहानपणीच्या नात्यांवर भर दिला. मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातील भावनिक बंधाविषयीचा जॉन बोल्बी यांचा आसक्ती सिद्धांतही त्याच वातावरणात वाढला. कोकणासाठी हा टप्पा फार मोलाचा आहे. मुंबईचा चाकरमानी बाप मुलाला गणपतीत आणि मे महिन्यात भेटतो. खाऊ घेऊन येणारा हा बाप मनात निर्दोष राहतो, आणि तो नसण्याचा राग रोज समोर असणाऱ्या आईच्या वाट्याला येतो. मात्र बाप दूर म्हणजे मूल पोरके, हा निष्कर्षही घाईचा. आजी किंवा काकी हाही भक्कम आधार असतो. रुग्णाचा इतिहास घेताना ‘लहानपणी रात्री कोणाजवळ झोपायचात?’ हे विचारलेच पाहिजे.

भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषण संस्था स्थापली.

पारंपरिक मनोविश्लेषण आठवड्यातून चार-पाच दिवस चालते. आजचे मनोगतिक उपचार बहुधा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ४५ ते ५० मिनिटे होतात. पहिल्या काही भेटींत इतिहास घेतात, नंतर मनात येईल ते न गाळता बोलू देतात. रुग्णाचे उशिरा येणे, गप्प होणे, विषय बदलणे या प्रतिरोधाकडे, म्हणजे नकळत होणाऱ्या टाळाटाळीकडे, उपचारकाचे लक्ष असते. जुन्या नात्यातल्या भावना उपचारकावर येतात, ते भावसंक्रमण. ‘डॉक्टर, तुम्हीच काय ते सांगा’ असा आग्रह वारंवार होऊ लागला की सल्ला देण्याआधी तो आग्रह कोणत्या वडीलधाऱ्यासाठी होता ते पाहावे. अर्थ सांगण्याची वेळ चुकली तर तो बरोबर असूनही आरोपासारखा लागतो आणि रुग्ण येणे थांबवतो.

गावात ही चौकट सांभाळणे कठीण. उपचारक कोणाचा तरी पाहुणा निघतो, म्हणून गोपनीयता पहिल्याच भेटीत शब्दांत सांगावी लागते. गणपती-शिमग्यात उपचारात पडणारा खंड आधी ठरवून त्यावर बोलावे. त्यावर बोलले नाही तर रुग्णाला आपल्याला सोडून दिल्यासारखे वाटते. अवसर येणे, म्हणजे अंगात येणे, हा देवस्थानाच्या रीतीचा भाग असेल तर त्याला आजार म्हणू नये. तो अवेळी येत असेल, माणसाला त्रास देत असेल, तरच चौकशी करावी, आणि आधी फेफऱ्याची शक्यता तपासावी.

विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा आक्षेप असा, की या सिद्धांतात कोणतेही वागणे बसवता येते, म्हणून तो खोटा ठरवण्याची सोयच नाही. स्त्रियांविषयीची फ्रॉइड यांची मते आज टिकत नाहीत. तीव्र मनोविकृती, आत्महत्येचा धोका किंवा दारूचे गंभीर व्यसन असेल तर अर्थ शोधत बसू नये. आधी मनोविकारतज्ज्ञ आणि औषधोपचार. त्यासाठी रत्नागिरीला शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि १४४१६ या टेलिमानस (शासनाची मानसिक आरोग्य सेवा) क्रमांकावर फोनवरून मोफत मदत मिळते.