तुरमली घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पेढीवर तुरमली घ्यायला येणारे बहुतेक जण तिचं नाव घेत नाहीत. ‘पाचूसारखा दिसेल पण परवडेल असा हिरवा खडा दाखवा,’ असं म्हणतात. कुणी माणकाऐवजी गुलाबी काहीतरी मागतं. आम्ही ट्रे पुढे करतो, खडा मनात भरतो आणि मग प्रश्न येतो, ‘पण हे आहे तरी काय?’ लग्नसराईत काउंटरवर गर्दी असली की याचं उत्तर धड देता येत नाही. म्हणून हे पत्रक.

तुरमली म्हणजेच टुरमलिन. बिलावर आणि प्रमाणपत्रावर दुसरं नाव दिसेल, वस्तू एकच. नाव आलंय सिंहली भाषेतून. श्रीलंकेत रंगीबेरंगी, सरमिसळ खड्यांना ‘तोरमल्ली’ म्हणत आणि डच व्यापाऱ्यांनी तो माल त्याच नावासह युरोपात नेला. तिथे लोकांच्या लक्षात आलं की हा खडा गरम झाला की राख ओढून घेतो. त्याला ‘राख ओढणारा’ असंच नाव पडलं आणि चिलमीतली राख काढायलाही तो वापरला गेला. कारण असं, की तापवल्यावर किंवा थंड होताना या स्फटिकाच्या दोन टोकांवर विरुद्ध विद्युतभार येतो. आमच्या शोकेसमध्ये याचा रोजचा अनुभव आहे. दिव्याखालच्या बाकीच्या खड्यांपेक्षा तुरमलीच्या ट्रेवर धूळ लवकर बसते, सकाळी पुसली तरी संध्याकाळी पुन्हा फडकं मारावं लागतं. दाब दिल्यावरही असाच भार येतो, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली ज्या स्फटिकांवर दाखवलं त्यात तुरमली होती. पुढे स्फोटाचा दाब मोजणाऱ्या उपकरणांतही ती बसली.

रंग कुठून येतो

तुरमली हा एक खडा नाही, एक कुटुंब आहे. साचा सगळ्यांचा सारखा, बोरॉन असलेल्या सिलिकेटचा. आत कुठला धातू बसला त्यावर रंग ठरतो. लोह भरपूर असलं की काळी तुरमली होते, तिला शोर्ल म्हणतात, आणि जमिनीत सापडणारी बहुतेक तुरमली हीच असते. दागिन्यातले बहुतेक रंगीत खडे लिथियम असलेल्या एल्बाइट प्रकारातले. इटलीच्या एल्बा बेटावरून हे नाव पडलं. मँगनीजमुळे गुलाबी आणि लाल छटा येतात, गडद लालीला रुबेलाइट म्हणतात. हिरवीला व्हर्डेलाइट, निळीला इंडिकोलाइट. टांझानिया-केनियाकडच्या झगझगीत हिरव्या खड्यांत व्हॅनेडियम आणि क्रोमियम असतं.

कलिंगड तुरमली मात्र बघायलाच हवी. आतून गुलाबी, बाहेरून हिरवी साल. स्फटिक वाढत असताना भोवतालच्या द्रावातली द्रव्यं बदलली की नंतरचा थर वेगळ्या रंगाचा चढतो. त्याची आडवी चकती कापली की खरंच कलिंगडाची फोड वाटते. हिला पैलू पाडायचे नसतात, चकती तशीच कोंदणात बसवावी.

पराइबा तुरमलीबद्दल फोन फार येतात. ब्राझीलच्या पराइबा राज्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा विजेसारखा निळा-हिरवा खडा मिळाला. हा रंग आतल्या तांब्यामुळे येतो. नंतर नायजेरिया आणि मोझांबिकमध्येही तांबं असलेली तुरमली निघाली. भाव आमच्यासारख्या पेढीच्या आवाक्याबाहेरचा आहे, आम्ही ती ठेवत नाही. कुणी स्वस्तात देऊ करत असेल तर प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राशिवाय हात लावू नका.

‘आपल्याकडे सापडते का?’ भारतात ओडिशात सापडते. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण हा लाव्ह्याचा. त्यात गारगोटी, झिओलाइट भरपूर, पण रत्नाच्या दर्जाची तुरमली लागते ती पेग्मटाइट नावाच्या भरड ग्रॅनिटी शिरांत.

पाचू आणि तुरमली

ही गल्लत फार जुनी. फेर्नाव दियास पाइस नावाचा पोर्तुगीज वसाहतीतला मोहीमदार ब्राझीलच्या रानात पाचू शोधत वर्षानुवर्षं हिंडला आणि १६८१ साली वारला. त्याच्या हाती लागलेले हिरवे खडे तुरमली निघाले. लालीचंही तेच. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने १७७७ साली रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनला भेट दिलेलं मोठं ‘माणिक’ प्रत्यक्षात रुबेलाइट आहे.

फरक आम्ही तुमच्यासमोरच दाखवतो. दहापट भिंगातून खडा किंचित कलवून वरच्या पैलूतून खालच्या पैलूंच्या कडांकडे बघा. तुरमलीत कडा जोडीने दिसतात, एकीशेजारी दुसरी, कारण प्रकाशाचा किरण आत गेल्यावर दुभंगतो. पाचूत अशी जोड डोळ्याला जाणवत नाही. मग खडा बोटात धरून हळूहळू फिरवा. एका बाजूने मोकळा हिरवा, दुसऱ्या बाजूने इतका गडद की जवळजवळ काळा. कारागिराने कुठल्या दिशेने पैलू पाडले यावर खडा उजळ निघणार की मुका, हे ठरतं. हे दिव्याखाली कळत नाही. म्हणून आम्ही खडा दाराशी, दिवसाच्या उजेडात नेतो.

पाचू म्हणून तुरमली विकणं आम्हाला मान्य नाही. ती स्वतःच्या नावावर घ्यावी इतकी देखणी आहे. हिरवी तुरमली बुधाचं उपरत्न म्हणून घालतात, पण ती चालेल की नाही हे तुमच्या ज्योतिषांनाच विचारा. आमच्या पेढीवर पत्रिका बघत नाहीत. दुखणं बरं होईल असं सांगूनही आम्ही कुठलाच खडा विकत नाही.

घेताना आणि वापरताना

गडद हिरव्या खड्यांना ताप देऊन रंग हलका करतात. काही गुलाबी खड्यांवर किरणोत्सर्ग करतात आणि तो प्रयोगशाळेतही ओळखता येत नाही. लाल खड्यांत चिरा जास्त, त्यामुळे त्या तेलाने किंवा राळेने भरलेल्या असू शकतात. भरलेलं दिसलं की आम्ही बिलावर लिहितो. वजन कॅरेटमध्येच लावतो, १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, रत्तीचं माप दुकानागणिक बदलतं.

खनिजांच्या मोह्स मापावर (हिरा १०) कठीणपणा ७ ते ७.५. रोजच्या धुळीत ७ कठीणपणाची वाळू असतेच, त्यामुळे अंगठी घालून भांडी घासू नका, कणीक मळू नका. कानातलं, पेंडंट जास्त टिकतं. धुवायचं तर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. अल्ट्रासॉनिक किंवा वाफेच्या मशीनमध्ये देऊ नका.

एक गोष्ट मनाला लागलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका ताईंची हुपरीची चांदीची अंगठी मोठी करायला घेतली. आमच्याकडून खडा न काढताच झाळ दिली गेली. टिक असा बारीक आवाज आला आणि हिरव्या खड्यात आरपार रेघ उमटली. तुरमलीला अचानक ताप सोसत नाही. खड्याची भरपाई आम्ही केली, पण मूळ खडा त्यांच्या आईने दिलेला होता. तेव्हापासून आधी खडा उतरवून पुडीत ठेवल्याशिवाय आमच्याकडे आगीचं काम होत नाही. तुम्ही दुसरीकडे कुठेही दुरुस्तीला दिलंत तरी हे आवर्जून सांगा.

घरातला जुना हिरवा किंवा लाल खडा तपासायचा असेल तर जरूर आणा, भिंगाखाली बघायचे पैसे आम्ही घेत नाही. शंका राहिली तर मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाकडे पाठवता येतो, त्यांची फी वेगळी. शक्यतो दुपारी चारच्या आत या. तोवर दाराशी उजेड चांगला असतो.