उपचार मिळतील, पण कोणत्या टप्प्यावर? कलम ३९ आणि कलम ६४-अ

मुलगा गर्दच्या पुडीसह सापडला की आईवडील ठाण्यात हात जोडतात, "साहेब, आत नका टाकू, व्यसनमुक्ती केंद्रात पाठवा." १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांविरोधी कायद्यात, या विनवणीला जागा आहे. एक नव्हे, दोन जागा आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते.

कलम ३९ कामी येतं ते आरोपी दोषी ठरल्यावर. शिक्षा सुनावण्याऐवजी न्यायाधीश त्याचं वय, पूर्वेतिहास आणि प्रकृती पाहून, त्याच्या संमतीने त्याला उपचारांसाठी सोडू शकतात. बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, द्यायचं आणि वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल न्यायालयात हजर करायचा. अहवाल पटला तर समज देऊन सुटका होते, तीही पुन्हा तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर. तुरुंग टळला, तरी मुलगा दोषी ठरलेलाच असतो.

कलम ६४-अ मध्ये दोषी ठरण्याची वेळच येत नाही. आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार मागितले आणि घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. सरकारी किंवा सरकारमान्य केंद्राबरोबरच पालिकेच्या रुग्णालयातले उपचारही चालतात. मात्र ते अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. २००१ मध्ये कोकेनच्या प्रकरणात अटक झालेल्या एका हिंदी अभिनेत्याला मुंबईच्या न्यायालयाने २०१२ मध्ये याच कलमाखाली मोकळं केलं.

दोन्ही कलमं सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांपुरतीच आहेत. अल्प म्हणजे हेरॉइन ५ ग्रॅमपेक्षा कमी, कोकेन २, चरस १००, गांजा १ किलोपेक्षा कमी. शिवाय व्यसन जडलेलं असावं लागतं. पार्टीत एकदाच ओढलेला मुलगा यात बसत नाही, आणि ही मला कायद्यातली मोठी उणीव वाटते.

पोलिसांच्या हातात ६४-अ चं संरक्षण देणं नाही, तो निर्णय न्यायालयाचा. पण पहिल्याच रात्री "आजच उपचार सुरू करा, केसपेपर जपून ठेवा" एवढं घरच्यांना सांगणारा अधिकारी त्या मुलाचं आयुष्य वाचवू शकतो. सगळ्या ठाण्यांत हे सांगितलं जावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे. तोवर घरच्यांनीच वकिलाला पहिल्या भेटीत ६४-अ बद्दल विचारावं. केंद्र कुठे आहे हे माहीत नसेल, तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.